स्पॅम फिल्टर: शिकवायचा कसा, सांभाळायचा कसा

दिवाळी अंकाचे शेवटचे फर्मे मशीनवर चढले होते आणि अप्पा बळवंत चौकाजवळच्या त्या प्रकाशन कार्यालयात साताऱ्याहून एका लेखकांचा फोन आला. आवाज अगदी शांत. "कथा पसंत पडली नसेल तर तसं कळवायचं होतंत. दुसरीकडे दिली असती." संपादकांनी कथा पाहिलीच नव्हती. दोन तास शोधाशोध झाली तेव्हा ती सापडली: सर्व्हरवरच्या स्पॅमच्या फोल्डरमध्ये, ४७ दिवसांपूर्वी, अगदी मुदतीत आलेली. शेजारीच एका ग्रंथालयाची ६२ पुस्तकांची मागणी होती, एका जाहिरातदाराचं मॅटर होतं आणि आणखी आठ-नऊ कामाचे मेल. बाकी दोन हजारांच्या घरात कचरा.

त्या कार्यालयाचा मेल मी बघतो. म्हणजे ही करामत माझीच. तीन वर्षं मी इमानेइतबारे फिल्टरला कचरा दाखवत होतो. हे स्पॅम, तेही स्पॅम. चांगलं पत्र कसं दिसतं हे मात्र मी त्याला एकदाही दाखवलं नव्हतं. वॉचमनला नुसते चोरांचेच फोटो दाखवले तर तो सोसायटीच्या चेअरमनलाही गेटवर अडवणार, तसं झालं.

तेव्हापासून पेठेतली तीन कार्यालयं आणि भोसरीतलं एक वर्कशॉप, या सगळ्यांचे फिल्टर मी ज्या पद्धतीने सांभाळतो ती पद्धत इथे क्रमाने लिहितो. सर्व्हरला हात लावायची ज्यांना सवय नाही त्यांनी मधला एखादा परिच्छेद सोडला तरी चालेल.

आधी फिल्टर कुठे बसलाय ते शोधा

फिल्टर एकच नसतो. पहिला सर्व्हरवर असतो. स्वतःच्या डोमेनचा मेल साध्या होस्टिंगवर असेल तर तो बहुधा स्पॅमअ‍ॅसॅसिन असतो आणि सीपॅनेलमध्ये (होस्टिंगची सगळी बटणं असलेल्या वेबसाइटवर) 'स्पॅम फिल्टर्स' नावाच्या पानावर सापडतो. मेल जीमेलकडे असेल तर फिल्टर गूगलचा. दुसरा फिल्टर आपल्या कॉम्प्युटरवर, थंडरबर्ड किंवा आउटलुकमध्ये. मेल हरवला की दोन्हीकडे बघायचं असतं, आणि लोक फक्त समोर दिसतो तिथेच बघतात.

आमच्याकडे घोळ इथेच होता. संपादकांच्या कॉम्प्युटरवर मेल पॉपने येत होता. पॉप फक्त इनबॉक्स उतरवून घेतं. सर्व्हरवरचं स्पॅमचं फोल्डर त्याला दिसतच नाही. सर्व्हर कथा उचलून स्पॅममध्ये टाकत होता आणि कार्यालयात कोणाला त्या फोल्डरचा पत्ताच नव्हता. म्हणून पहिलं काम: खातं आयमॅपवर आणा. आयमॅपमध्ये सर्व्हरवरची सगळी फोल्डरं जशीच्या तशी दिसतात, आणि पुढे शिकवण्याचं जे काम आहे तेही त्यामुळेच जमतं. जुनं पॉपचं खातं मात्र घाईने काढू नका. कित्येकदा जुने मेल सर्व्हरवरून पुसले गेलेले असतात आणि त्या एका कॉम्प्युटरवरच उरलेले असतात. आधी त्या फाइलचा बॅकअप घ्या, आयमॅपचं खातं शेजारी जोडा (सुरक्षित जोडणीचा पोर्ट ९९३), आठवडाभर दोन्ही चालू द्या, मग जुनं बंद करा.

दुसरं काम: आपोआप पुसणं बंद करा. सीपॅनेलच्या त्या पानावर तीन बटणं दिसतात. मेल तपासून स्पॅमचा शिक्का मारायचा, शिक्का मारलेले वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचे, आणि थेट पुसून टाकायचे. पहिली दोन चालू, तिसरं बंद. फिल्टर नीट शिकेपर्यंत एकही मेल पुसला जाता कामा नये. फिल्टर प्रत्येक मेलला संशयाचे गुण देतो; स्पॅम ठरवायची मर्यादा मुळात ५ गुणांची असते, तीही सध्या तशीच राहू द्या. कचरा फार येतो म्हणून ती ३ वर आणणारे भेटतात. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर बदलण्यातला तो प्रकार.

कचरा म्हणजे काय, हे आधी माणसांत ठरवा

हे काम कॉम्प्युटरचं नाही, पण यावाचून पुढचं सगळं फुकट. आमच्याकडे एकच मेलबॉक्स मालक, संपादक आणि काउंटरवरच्या ताई असे तिघं उघडतात. मालकांना बँकेच्या जाहिरातींचा वैताग, म्हणून ते बँकेकडून आलेलं सगळंच स्पॅम करायचे. त्यात महिन्याचं स्टेटमेंटही जायचं. ताई ते बाहेर काढायच्या. फिल्टर बिचारा एका दिवशी एक ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी उलटं.

शेवटी एका कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलं. आपण कधीच मागवलं नाही आणि हजारोंना एकदम पाठवलंय, ते स्पॅम. आपणच कधीतरी नाव नोंदवलं होतं पण आता नको झालंय, ते स्पॅम नाही. तिथे 'अनसबस्क्राइब' करायचं. बँक, वीज, कर, कुरियर यांचे खरे मेल कधीही स्पॅम नाहीत, कितीही कंटाळा आला तरी. आणि प्रकाशन कार्यालयासाठी एक खास कलम: न मागवलेल्या कविता स्पॅम नव्हेत. चाळीस प्रकाशकांना एकाच मेलमध्ये पाठवलेल्या असल्या तरी नव्हेत. यावर थोडी चर्चा झाली.

अनसबस्क्राइबचा नियम फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्यांपुरता. अनोळखी कचऱ्यातल्या तशा दुव्यावर क्लिक केलं तर या पत्त्यावर जिवंत माणूस बसलाय एवढंच समोरच्याला कळतं, आणि कचरा वाढतो.

फिल्टर आत काय हिशेब करतो

शिकणारे बहुतेक फिल्टर अठराव्या शतकातल्या टॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या संभाव्यतेच्या सूत्रावर चालतात. ते सूत्र त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालं. आपलं सूत्र पुढे कर्जाच्या जाहिराती निवडायला वापरलं जाईल हे त्याच्या गावीही नसणार.

हिशेब सोपा आहे. समजा फिल्टरने २०० वाईट आणि २०० चांगले मेल पाहिले. 'लोन' हा शब्द ८० वाईट मेलमध्ये आणि फक्त २ चांगल्या मेलमध्ये आला. म्हणजे तो शब्द असलेल्या ८२ मेलपैकी ८० वाईट, जवळजवळ ९८ टक्के. 'मानधन' हा शब्द ४० चांगल्या मेलमध्ये आला, वाईटात एकदाही नाही. म्हणजे तो चांगुलपणाचा भक्कम पुरावा. 'इन्व्हॉइस' दोन्हीकडे पन्नास-पन्नास वेळा. त्याचं मत शून्य. नवा मेल आला की फिल्टर त्यातले ठाम बोलणारे शब्द निवडतो आणि सगळ्यांचं मिळून एक मत बनवतो.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. शब्द म्हणजे नुसता मजकूर नाही. विषय, पाठवणाऱ्याचा पत्ता, मेल कुठल्या सर्व्हरवरून आला त्या नोंदी, सगळ्याचे तुकडे मोजले जातात. आणि 'मानधन' चांगला शब्द आहे हे फिल्टरला जन्मतः माहीत नसतं. ते तुमच्याच चांगल्या मेलमधून त्याला कळतं, म्हणून शेजारच्या ऑफिसचा शिकलेला फिल्टर आणून बसवला तर तो तुमच्याकडे निम्माही चालत नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये 'टॉलरन्स' आणि 'जॉबवर्क' हे चांगले शब्द आहेत, प्रकाशकाकडे ते कोणी वापरत नाही.

मराठी लोकांना यात एक आयतं भांडवल आहे. जगभरचा घाऊक कचरा अजूनही मुख्यतः इंग्रजीत येतो. 'आपला', 'नमस्कार', 'कळावे', 'सोबत' असे देवनागरी शब्द चांगल्या मेलमधून शिकवले की त्यांच्या बळावर पुष्कळ मेल सरळ इनबॉक्सात येतात. कर्जवाल्यांनी आणि प्लॉटवाल्यांनीही आता मराठी सुरू केलं आहे, पण 'कळावे, लोभ असावा' असं लिहिण्याइतके ते अजून पोचलेले नाहीत. होस्टिंगवाल्याला स्पॅमअ‍ॅसॅसिनची आवृत्ती मात्र जरूर विचारा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ४.० मध्ये इंग्रजीखेरीज इतर भाषांतला मजकूर हाताळण्यात मोठी सुधारणा झाली आहे.

दोनशे आणि दोनशे

स्पॅमअ‍ॅसॅसिनचा शिकणारा भाग किमान २०० वाईट आणि २०० चांगले मेल पाहिल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आरस्पॅमडी या दुसऱ्या फिल्टरचंही मूळ सेटिंग २०० चंच. तेव्हा गोळा करण्यापासून सुरुवात.

मेलबॉक्समध्ये दोन फोल्डरं करा, 'शिकव-चांगले' आणि 'शिकव-वाईट'. वाईट गोळा करायला कष्ट नाहीत. गेल्या तीन-चार महिन्यांचा कचरा घ्या, त्यापेक्षा जुना नको; कचऱ्याची फॅशन बदलते आणि पाच वर्षांपूर्वीचं औषध विकणारं स्पॅम आज काही शिकवत नाही. हलवण्याआधी विषयांवरून एकदा नजर फिरवा. ती कथा अशीच एका नजरेत सापडली असती.

चांगले मेल निवडायला मात्र अर्धा दिवस काढा. इनबॉक्समधले पहिले दोनशे उचलून टाकले तर त्यात एकशे ऐंशी कागदवाल्यांची दरपत्रकं आणि कुरियरचे निरोप निघतात, आणि फिल्टर तेवढ्यालाच चांगलं म्हणायला शिकतो. सगळ्या तऱ्हा हव्यात: लेखकांचे मेल, वाचकांच्या तक्रारी, ग्रंथालयांच्या मागण्या, सीएंचे निरोप, मराठी, इंग्रजी, रोमन लिपीत लिहिलेलं मराठी, दोन ओळींचे, मोबाइलवरून खरडलेले, नुसती अटॅचमेंट असलेले. आणि मुख्य म्हणजे स्पॅमसारखे दिसणारे पण खरे: बँकेचे, विम्याचे, पैशांबद्दल बोलणारे. पहिल्यांदाच लिहिणाऱ्या अनोळखी माणसांचे मेल तर आवर्जून घ्या, कारण ओळखीच्यांचं बहुधा अडत नाहीच.

मेल हलवायचा, फॉरवर्ड करायचा नाही. फॉरवर्ड केलेल्या मेलवर पाठवणारा म्हणून तुमचंच नाव येतं, मूळ नोंदी जातात, आणि फिल्टर तुमच्याच पत्त्याला स्पॅम समजायला शिकतो. एका ऑफिसात 'स्पॅम आला की मला फॉरवर्ड करा' असा फतवा निघाला होता. तीन आठवड्यांत साहेबांना त्यांच्याच माणसांचे मेल दिसेनासे झाले.

आता प्रत्यक्ष शिकवणं. सर्व्हरवर त्यासाठी एसए-लर्न नावाचा आदेश आहे. त्याला दोन डॅश देऊन 'हॅम' किंवा 'स्पॅम' सांगायचं (चांगल्या मेलला या धंद्यात हॅम म्हणतात) आणि पुढे फोल्डरचा पत्ता द्यायचा. होस्टिंगवाल्याने टर्मिनल दिलं नसेल तर सीपॅनेलच्या क्रॉन जॉबमधून (ठरल्या वेळी आपोआप काम करणारी सोय) तोच आदेश रोज रात्री चालवता येतो, मग कार्यालयातल्या माणसांना फक्त मेल त्या फोल्डरांत सरकवायचे. एकच मेल दोनदा दाखवला तरी बिघडत नाही. तो आधी पाहिल्याची नोंद असते. चुकून वाईट म्हणून शिकवलेला मेल पुन्हा चांगला म्हणून दाखवला तर आधीचं पुसून नवं लिहिलं जातं.

इथे एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. शिकवण ज्या युजरच्या नावाने होते, मेल तपासणारा फिल्टर त्याच युजरचं टिपण वाचत असला पाहिजे. मी रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य युजर, म्हणून महिनाभर शिकवत होतो आणि फिल्टर वाचत होता दुसरंच, कोरं टिपण. एसए-लर्नला दोन डॅश देऊन 'डम्प' आणि पुढे 'मॅजिक' म्हटलं की किती वाईट आणि किती चांगले शिकले गेले ते आकडे दिसतात. शिकवण्याआधी आणि नंतर ते बघा. ज्या खात्यावर मेल येतो त्याच्या नावाने आकडे वाढले नाहीत तर तुम्ही भिंतीला शिकवताय.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये 'जंक सेटिंग्ज'मध्ये शिकणारा फिल्टर चालू करायचा. मग मेल निवडून इंग्रजी 'जे' दाबला की वाईट, शिफ्टबरोबर 'जे' दाबला की चांगला. लोक पहिलंच करतात. इनबॉक्समधले दोनशे चांगले मेल निवडून एकदा तरी शिफ्ट-जे दाबा, फरक त्याच आठवड्यात दिसेल. डेस्कटॉपवरचा जुना आउटलुक असा हाताने शिकवता येत नाही. तिथे सगळा खेळ सुरक्षित आणि ब्लॉक केलेल्यांच्या याद्यांचा. जीमेलमध्ये 'स्पॅम नाही' हे बटण हीच शिकवणी. मात्र तिथे घड्याळ चालू असतं, स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप जातो. साताऱ्याची कथा जीमेलवर आली असती तर ४७ व्या दिवशी सापडलीच नसती.

एक मेल उघडून पाहू

त्या कथेच्या मेलचे हेडर मी उघडले. कुठल्याही मेल प्रोग्रॅममध्ये 'सोर्स' किंवा 'मूळ दाखवा' असा पर्याय असतो. त्यात 'एक्स-स्पॅम-स्टेटस' नावाची ओळ शोधायची. तिच्यात एकूण गुण आणि ते कशाकशाचे, हे लिहिलेलं असतं. या मेलचे गुण ५.३, मर्यादा ५. तीन दशांशांनी कथा गेली.

गुण आले दोन ठिकाणांहून. विषयाची जागा कोरी, त्याचे १.८. आणि 'बेझ ९९', म्हणजे शब्दांवरून स्पॅम असल्याची ९९ टक्के खात्री, त्याचे ३.५. आता शब्द कोणते? कथा अटॅचमेंटमध्ये होती आणि अटॅचमेंटच्या पोटातली कथा हा फिल्टर वाचत नाही. मेलमध्ये लेखकांनी इंग्रजीत फक्त एवढं लिहिलं होतं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, आयएफएससी, पॅन, आणि सोबत रद्द केलेल्या चेकचा फोटो. मानधनासाठी. आम्हीच आवाहनात मागितलं होतं.

फिल्टरच्या बाजूने बघा. त्याने पाहिलेल्या १,९०० वाईट मेलपैकी सातशेच्या आसपास 'बँक', 'अकाउंट', 'पॅन' बोलणारे. चांगले म्हणून त्याने आपणहून शिकलेले २१०, त्यात असले शब्द दोन-तीनदा. आपणहून कसे? स्पॅमअ‍ॅसॅसिनला तशी सोय असते: बाकीच्या नियमांवरून ज्याचे गुण ०.१ च्या खाली तो मेल चांगला आणि १२ च्या वर तो वाईट, असं समजून तो स्वतःच शिकतो. म्हणजे अगदी सज्जन आणि अगदी पक्के बदमाश तेवढे त्याला आपोआप कळतात. मधले सगळे तुम्ही दाखवायचे. आमच्या २१० सज्जनांत लेखक जवळजवळ नव्हतेच.

मानधनाचा तपशील असलेले जुने ३५ मेल शोधून 'शिकव-चांगले'मध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी तोच कथेचा मेल पुन्हा तपासून पाहिला, तर गुण दोनच्या आत.

श्रीलिपीची भानगड

पुण्यात छपाईशी संबंध असलेल्या प्रत्येकाला हे भोगावं लागतं, म्हणून वेगळं लिहितो. अनेक जुने लेखक आणि डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की त्या फॉन्टशिवाय नुसती उलटसुलट रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्याची चिन्हं दिसतात. संपादकांना तो व्हायरस वाटतो.

गंमत म्हणजे फिल्टरचं त्यावाचून काही अडत नाही. एका फॉन्टमध्ये 'कथा' हा शब्द प्रत्येक वेळी त्याच विचित्र अक्षरांनी लिहिला जातो. आपल्याला ती गिचमिड, फिल्टरला ती आणखी एक भाषा. अशा पंचवीस-तीस मेलना चांगलं म्हणून दाखवलं की तो ती भाषा शिकतो, आणि स्पॅमवाले ती कधीच बोलत नसल्यामुळे तिचे शब्द उलट पक्का दाखला ठरतात. मी आधी असे मेल शिकवणीतून वगळत होतो. सपशेल चूक.

याद्या: मीठ जितकं तितकंच

शिकवणीचा कंटाळा आला की माणूस यादीकडे वळतो: याला कायम येऊ दे, त्याला कायम अडव. अडवण्याच्या यादीचा स्पॅमवर फारसा उपयोग नाही, कारण पाठवणारा दर वेळी नवा पत्ता घेतो. येऊ देण्याची यादी उपयोगी आहे, पण तिथे एक चूक मी जवळजवळ प्रत्येक ऑफिसात पाहिली: स्वतःचंच डोमेन त्या यादीत घातलेलं. 'आपलेच मेल अडायला नकोत' हा हेतू. मेलवरचं पाठवणाऱ्याचं नाव कोणालाही खोटं लिहिता येतं, पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता लिहावा तसं. तुमचं डोमेन यादीत आहे म्हटल्यावर तुमच्याच नावाने आलेला भामट्याचा मेल मुजरा घेत आत येतो. थंडरबर्डमध्येही हेच: अ‍ॅड्रेस बुकमधल्यांना जंक समजू नये अशी सोय असते, त्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये स्वतःचा पत्ता ठेवू नका.

यादीत घालायचंच तर सही तपासून घालावं. एसपीएफ म्हणजे या डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरवरून यायला परवानगी आहे त्याची जाहीर नोंद, आणि डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये साध्या यादीऐवजी 'ऑथ' असलेली यादी वापरली तर या तपासण्या पार पडल्या तरच सवलत मिळते. जीमेलमध्ये 'मूळ दाखवा' म्हटल्यावर दोन्हींसमोर पास की फेल ते लिहिलेलंच असतं.

हेच दाखले तुमच्या स्वतःच्या डोमेनलाही लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल रोज पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीएमएआरसी (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) तिन्ही मागतं. तुम्ही तेवढे पाठवत नसलात तरी हे नसेल तर तुमची उत्तरं लेखकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडतात, आणि मग ते म्हणतात प्रकाशक उत्तर देत नाहीत.

सोमवारची दहा मिनिटं

शिकवून झालं की सांभाळणं. दर सोमवारी सकाळी, चहा यायच्या आधी, एकाच माणसाने. आमच्याकडे हे ताई करतात आणि माझ्यापेक्षा चांगलं करतात.

त्या स्पॅमचं फोल्डर उघडतात आणि ते गुणांवरून बघतात, तारखेवरून नाही. १५ गुणांचा मेल बघण्यात वेळ घालवायचा नाही. ५ ते ८ मधले तेवढे वाचायचे, चुका तिथेच असतात. गुण दिसण्याची सोय नसेल तर फोल्डरमध्ये आपल्या धंद्याचे शब्द शोधायचे. आमची यादी: कथा, लेख, मानधन, अंक, ग्रंथालय, प्रती, आणि तेच शब्द रोमनमध्ये. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'इन', कोलन, 'स्पॅम' आणि पुढे शब्द टाकला की फक्त स्पॅममध्येच शोध होतो. सापडलेला मेल इनबॉक्समध्ये आणायचा, आणि त्याची प्रत 'शिकव-चांगले'मध्ये. नुसता बाहेर काढून ठेवला तर स्पॅमअ‍ॅसॅसिन त्यातून काही शिकत नाही. जीमेल आणि थंडरबर्ड मात्र बटण दाबताच शिकतात.

मग इनबॉक्समध्ये निसटून आलेला कचरा 'शिकव-वाईट'मध्ये. पुसायचा नाही. पुसलेल्यातून कोणी काही शिकत नाही.

एका वहीत दोन आकडे लिहितात: किती चांगले अडकले, किती वाईट निसटले. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. निसटलेला कचरा म्हणजे दोन सेकंद. अडकलेला मेल म्हणजे ग्रंथालयाची ६२ पुस्तकं. म्हणून पहिला आकडा शून्य ठेवण्यासाठी दुसरा थोडा वाढला तरी मी चालवून घेतो.

सणासुदीप्रमाणे फिल्टरचेही हंगाम असतात. जूनमध्ये शाळांच्या मागण्या येतात, त्याआधी गेल्या जूनचे, अजून न शिकवलेले दहा-वीस मेल दाखवून ठेवायचे. जुलैत आयकर विवरणपत्रांबरोबर 'तुमचा रिफंड मंजूर झाला आहे' असे खोटे मेल सुरू होतात. ते वाईटात टाकताना सीएंचे खरे मेल तेवढेच चांगल्यात टाका, नाहीतर 'रिफंड' शब्दच शापित होतो. आरस्पॅमडी असो की थंडरबर्ड, सगळीकडे हाच तोल लागतो.

बिघडला तर

कधी कधी शिकवण इतकी गढूळ होते की दुरुस्तीपेक्षा पाटी कोरी करणं सोपं. खूण अशी: चांगला-वाईट कुठलाही मेल घ्या, बेझचं मत पन्नासच्या आसपास घुटमळतं. बहुतेकदा कोणीतरी पूर्ण फोल्डर उलट्या बाजूला शिकवलेलं असतं. आधी एसए-लर्नचा 'बॅकअप' घ्या, मग 'क्लिअर', मग जपून ठेवलेल्या त्या दोन फोल्डरांवरून पुन्हा शिकवा. थंडरबर्डमध्ये 'रिसेट ट्रेनिंग डेटा' असं बटण आहे. म्हणूनच शिकवलेले मेल लगेच पुसू नयेत. निदान शेवटचे पाचशे-पाचशे ठेवावेत.

आणि जे फिल्टरच्या हातात नाही ते त्याच्यावर सोपवू नका. गेल्या वर्षी वर्कशॉपला त्यांच्या माल पुरवणाऱ्याच्या खऱ्या खात्यावरून मेल आला: आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे, पुढचं पेमेंट इथे करा. पुरवठादाराचा पासवर्ड चोरीला गेला होता. सही बरोबर, सर्व्हर बरोबर, भाषाही त्यांचीच. कुठलाही फिल्टर तो आत सोडणारच. अकाउंट बघणाऱ्या काकांनी जुन्या बिलावरचा नंबर फिरवून विचारलं म्हणून पैसे वाचले. खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला की मेलमधला नव्हे, आपल्याकडचा जुना नंबर लावायचा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही. असा मेल पाठवणाऱ्याला मात्र ब्लॉक करू नका. उद्या तोच माणूस खरं बिल पाठवणार असतो.

साताऱ्याच्या लेखकांना मालकांनी स्वतः फोन करून झालेला प्रकार सांगितला. यंदाच्या आवाहनाच्या पत्रात आम्ही तळाशी तीन ओळी घातल्या आहेत. मेलला विषय द्यावा आणि त्यात 'दिवाळी अंक' हे शब्द असावेत. मेलमध्ये चार ओळी मराठीत, युनिकोडमध्ये लिहाव्यात. बँकेचा तपशील साहित्य स्वीकारल्याचं कळवल्यावर पाठवावा. शेवटची ओळ वाचून दोघांनी विचारलं, म्हणजे मानधन नक्की मिळणार ना?